तात्पर्याच्या अलीकडे : चेकॉव्हची 'पैज' वाचताना

कथा वाचून संपली की "तात्पर्य काय?" असे विचारण्याची सवय आपल्याला इसापनीतीपासून लागलेली असते. कोल्ह्याच्या तोंडी द्राक्षे लागली नाहीत की तात्पर्य ठरलेले. शाळेत ही सवय सोयीची असते. महाविद्यालयात आल्यावर तिचे नाव तेवढे बदलते. 'तात्पर्य' जाऊन तेथे 'आशयसूत्र' येते. परंतु उत्तरपत्रिकेत आपण जे उतरवतो ते पुष्कळदा जुने तात्पर्यच असते, फक्त अधिक भारदस्त शब्दांत. कौटुंबिक अथवा ग्रामीण कथेच्या बाबतीत हे एक वेळ खपून जाते. तेथे माणसे, त्यांची घरे, त्यांची बोली यांचा ओलावा इतका असतो, की आपण लावलेले तात्पर्य कथेला फारशी इजा करू शकत नाही. तत्त्वचिंतनात्मक कथेचे तसे नाही. तिच्यात विचार उघडपणे बोलला जातो. पात्रे वाद घालतात, प्रतिज्ञा करतात, पत्रे लिहितात. त्यांतले एखादे ठसठशीत विधान उचलून 'लेखकाला हेच सांगायचे आहे' असे म्हणण्याचा मोह आवरत नाही, आणि एकदा ते म्हणून झाले की उरलेली कथा आपल्या दृष्टीने संपते.

मला स्वतःला हा मोह आवरलेला नाही. अन्तोन चेकॉव्ह यांची 'पैज' ही कथा प्रथम वर्षाला असताना मी इंग्रजी भाषांतरातून वाचली आणि तिच्यावर उत्तरही लिहिले. धन नश्वर आहे, धनाहून ज्ञान श्रेष्ठ आहे आणि ज्ञानाहून वैराग्य श्रेष्ठ आहे, अशी तीन पायऱ्यांची शिडी मी त्या उत्तरात उभी केली होती. गुणही चांगले पडले. पुढे आमच्या वाङ्मय मंडळाच्या एका बैठकीत या कथेवर चर्चा झाली, तेव्हा मी तीच शिडी पुन्हा मांडली. सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागे बसलेल्या एका मैत्रिणीने विचारले, "वकिलाचे ठीक आहे, पण त्या पहारेकऱ्याचे काय झाले असते?" कोणता पहारेकरी, हेच मला आठवेना. घरी जाऊन कथा पुन्हा उघडली, तेव्हा तो तेथे होता. माझ्या शिडीवर मात्र त्याला पाय ठेवायलाही जागा नव्हती. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

कथा थोडक्यात अशी. शरद ऋतूतल्या एका रात्री एका सावकाराच्या, म्हणजे बँकेच्या मालकाच्या घरी मेजवानी असते. फाशीची शिक्षा योग्य की अयोग्य, यावर पाहुण्यांत वाद निघतो. बहुतेकांच्या मते ती अमानुष असते. सावकार म्हणतो की, जन्मठेपेपेक्षा फाशी अधिक दयाळू. काही मिनिटांत प्राण घेणारा मारेकरी आणि वर्षानुवर्षे थोडा थोडा प्राण काढून घेणारा मारेकरी यांत पहिला बरा. पंचविशीतला एक वकील म्हणतो की, दोन्ही शिक्षा सारख्याच अनीतीच्या आहेत, तरी निवड करायचीच झाली तर आपण जन्मठेप घेऊ, कारण मुळीच न जगण्यापेक्षा कसेही जगणे चांगले. शब्दाने शब्द वाढतो. सावकार वीस लाखांची पैज लावतो, की तू पाच वर्षेदेखील कोठडीत काढू शकणार नाहीस. वकील ईर्ष्येने पाचाची पंधरा करतो. त्यानुसार 14 नोव्हेंबर 1870 च्या दुपारी बारापासून 14 नोव्हेंबर 1885 च्या दुपारी बारापर्यंत तो सावकाराच्याच बागेतल्या एका खोलीत स्वतःला कोंडून घेतो. माणूस दिसायचा नाही, माणसाचा आवाज ऐकायचा नाही, पत्र वा वर्तमानपत्र यायचे नाही. पुस्तके, वाद्य, मद्य, तंबाखू यांची मुभा. जे हवे ते एका लहानशा खिडकीतून चिठ्ठी देऊन मागायचे.

ती पंधरा वर्षे चेकॉव्ह काही परिच्छेदांत सांगतो, आणि कथेतला हा भाग मला सर्वांत थोर वाटतो. पहिल्या वर्षी पियानो आणि हलक्याफुलक्या कादंबऱ्या. मद्य मात्र नको, कारण मद्याने इच्छा जाग्या होतात आणि इच्छा हे कैद्याचे मोठे शत्रू. मग अभिजात ग्रंथ. पाचव्या वर्षी एकदम घसरण : खाणे, पिणे, लोळणे, रात्री लिहायचे आणि सकाळी फाडून टाकायचे, मधूनच रडणे. सहाव्या वर्षाच्या उत्तरार्धात भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान यांचा असा काही ध्यास, की चार वर्षांत सहाशेच्या आसपास ग्रंथ मागवावे लागतात. दहाव्या वर्षानंतर जवळजवळ एक वर्ष केवळ बायबलातली शुभवर्तमाने. शेवटची दोन वर्षे जे हाताला लागेल ते : रसायनशास्त्र, वैद्यक, शेक्सपिअर, बायरन, धर्मशास्त्र. जहाज फुटल्यावर समुद्रात गटांगळ्या खाणारा माणूस एक फळी सोडून दुसरी धरतो, तसे. ही उपमा चेकॉव्हचीच आहे आणि ती विसरता कामा नये. ज्याला आपण 'ज्ञानाची साधना' म्हणून गौरवतो, त्या वाचनाला लेखक बुडणाऱ्याची धडपड म्हणतो आहे.

इकडे सावकार सट्ट्यात बुडालेला असतो. वीस लाख द्यावे लागले तर त्याचे दिवाळे निघणार. मुदत संपण्याच्या आदल्या रात्री, भर पावसात, तो वकिलाला मारण्यासाठी खोलीत शिरतो. टेबलाशी बसल्या बसल्या वकील झोपी गेलेला असतो. चाळिशीतच हाडांचा सापळा झालेला. समोर एक चिठ्ठी असते. तुमची पुस्तके, तुमचे शहाणपण, तुमचे सौंदर्य, सारे मी तुच्छ मानतो. आणि हे नुसते बोलणे नव्हे हे दाखवण्यासाठी मुदतीच्या पाच तास आधी बाहेर पडून मी पैज हरणार आहे, असा तिचा आशय. सावकार त्याच्या मस्तकाचे चुंबन घेतो, रडतो, स्वतःची घृणा करीत परत जातो. दुसऱ्या दिवशी पहारेकरी सांगत येतात की, कैदी खिडकीतून उतरून निघून गेला. सावकार ती चिठ्ठी उचलतो आणि आपल्या अग्निरोधक तिजोरीत कुलूपबंद करतो. कथा संपते.

आता माझी शिडी कोठून आली हे उघड आहे. ती सबंध त्या चिठ्ठीतून आली होती. चिठ्ठी शेवटी येते, ती ओजस्वी आहे, तिच्यात निष्कर्षाचा सूर आहे. म्हणून ती लेखकाची असे मी धरून चाललो. मराठीच्या विद्यार्थ्याने ही चूक करावी याचे मला आता विशेष वाटते, कारण या बाबतीतला फरक आपल्या वाङ्मयाने फार पूर्वीच स्पष्ट करून ठेवलेला आहे. महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'ची घडण आठवावी. चक्रधरांचे सूत्र आधी, मग दृष्टांत, आणि मग केसोबासांचे दार्ष्टान्तिक. आंधळ्यांनी हत्ती चाचपला ही गोष्ट तेथे एकटी येत नाही. ती कोणत्या सूत्रासाठी आली आणि त्या सूत्राशी ती कशी जुळते, हे दोन्ही बाजूंनी बांधून दिलेले असते. तेथे अर्थ शोधायचा नसतो, तो समजून घ्यायचा असतो. आधुनिक तत्त्वचिंतनात्मक कथेत मधला दृष्टांत तेवढा शिल्लक राहतो. सूत्र आणि दार्ष्टान्तिक दोन्ही गळून पडतात. ही रिकामी जागा आपल्याला सहन होत नाही, आणि मग कथेतलेच एखादे पात्र जे बोलले असेल ते आपण सूत्राच्या जागी नेऊन बसवतो. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया' (1972) आणि 'रमलखुणा' (1975) मधल्या रूपकात्मक कथांचे आपण परीक्षेसाठी जे करतो, तेही याहून वेगळे नाही. त्यांच्या पात्रांची वाक्ये सुभाषितांसारखी दिसतात, एवढ्याने ती सुभाषिते ठरत नाहीत.

चिठ्ठी लिहिणाऱ्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, याचाही विचार झाला पाहिजे. पंधरा वर्षे ज्याने एक माणूस पाहिला नाही, तो साऱ्या माणसांना वेडे ठरवतो आहे. आपण डोंगर चढलो, शिकार केली, स्त्रियांवर प्रेम केले असे तो लिहितो. ते सगळे पुस्तकांत. म्हणजे ज्या जगाचा त्याग करतो, ते त्याने भोगलेले नाही, वाचलेले आहे. शिवाय पैशाची खरोखरच तुच्छता वाटत असेल, तर बाराच्या ठोक्याला उठून सरळ चालू लागायचे आणि पैसे न्यायचे नाहीत. पाच तास आधी जाण्याची आणि तसे लिहून ठेवण्याची गरज काय? आपला त्याग कोणीतरी पाहावा, निदान त्या सावकाराने तरी पाहावा, एवढी माणसाची गरज त्या वैराग्यातही शिल्लक आहे. मला हा वकिलाचा दोष वाटत नाही. उलट याच जागी तो मला पहिल्यांदा माणूस वाटला.

मग कथेचे सूत्र कोठे शोधायचे? माझ्या मते ज्या प्रश्नाने कथा सुरू झाली, त्याचा माग सोडू नये. आपण वाचक तो प्रश्न पैज लागताच विसरतो. फाशी की जन्मठेप, हा वाद पैजेने सुटणार नाही हे सावकारालाही मागाहून कळते : आपल्या बाजूने लाडावलेल्या माणसाची लहर आणि त्याच्या बाजूने पैशाचा लोभ, एवढेच ते होते, असे तो मनाशी म्हणतो. स्वखुशीची कोठडी आणि शिक्षेची कोठडी सारख्या नव्हेत, हे तर पैज लावतानाच त्याने वकिलाला बजावलेले असते. तेव्हा तर्काच्या दृष्टीने वाद तेथेच बंद पडतो. परंतु कथेच्या दृष्टीने तो बंद पडत नाही, तो बोलण्यातून कृतीत शिरतो. मेजवानीत सावकाराने दोन मारेकऱ्यांची तुलना केली होती : एक काही मिनिटांत मारणारा, दुसरा वर्षानुवर्षे मारणारा. पंधरा वर्षे तो स्वतः दुसरा मारेकरी झालेला आहे, आपल्याच बागेत. आणि त्या शेवटच्या रात्री खोलीत शिरून, या अर्धमेल्या देहाला बिछान्यावर टाकावे आणि उशीने जरा दाबावे, असे मनात म्हणतो, तेव्हा तो पहिला मारेकरी होऊ पाहतो. ज्या मृत्यूला त्याने दयाळू म्हटले होते, नेमका तोच मृत्यू. एकाच माणसात दोन्ही मारेकरी आणून चेकॉव्हने त्या मेजवानीतल्या निर्भर वादाला उत्तर दिलेले नाही. वाद घालणाऱ्याला त्याच्या विधानासमोर नेऊन उभे केले आहे.

आणि येथे तो पहारेकरी येतो. बागेत शिरताना सावकार त्याला हाक मारतो. उत्तर येत नाही. पावसापासून आडोसा घेऊन तो कोठेतरी झोपला असावा. तेव्हा सावकाराच्या मनात विचार येतो, की आपण हे कृत्य पार पाडले तर पहिला संशय पहारेकऱ्यावर जाईल. एक वाक्य, बस्स. पुढे त्याचा उल्लेखही नाही. परंतु त्या वाक्याचा अर्थ असा, की पंधरा वर्षांपूर्वी कोणती शिक्षा माणुसकीची यावर जेवणाच्या टेबलाशी बोलणारा हा गृहस्थ, आता आपल्या नोकराला त्यांपैकी एक शिक्षा, कोणती का असेना, भोगायला लावण्यास मनातून तयार आहे. आणि या वेळी कोणती बरी हे तो विचारतसुद्धा नाही. शिक्षेच्या तत्त्वज्ञानावरचे माझे वाचन फार नाही. पण तात्त्विक वाद करणाऱ्यांच्या घरात ज्याला वादात बोलावलेले नसते, त्याच्या गळ्यात तो वाद कसा पडतो, हे इतक्या थोड्या शब्दांत सांगितलेले मी अन्यत्र वाचलेले नाही.

हा अर्थ मी कथेवर लादतो आहे, असा आक्षेप येईल. आमच्या बैठकीत तो आलाही. "लेखकाच्या मनात हे असेल कशावरून?" त्यावर दोन गोष्टी मला सांगाव्याशा वाटतात. पहिली चेकॉव्हच्या पत्रव्यवहारातली आहे. 27 ऑक्टोबर 1888 रोजी आपले प्रकाशक सुवोरिन यांना लिहिलेल्या पत्रात त्याने प्रश्न सोडवणे आणि प्रश्न नीट मांडणे यांत भेद केला आहे, आणि कलावंतावर बंधन आहे ते दुसऱ्याचे, असे म्हटले आहे. 'पैज' त्यानंतर दोनच महिन्यांनी, 1889 च्या पहिल्या दिवशी, याच सुवोरिन यांच्या वर्तमानपत्रात छापून आली. ज्याने नुकतेच असे लिहिले, तो दोन महिन्यांत एका चिठ्ठीच्या रूपाने जीवनाचे उत्तर सांगून मोकळा होईल, हे मानायला जरा जड जाते.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. छापून आली तेव्हा कथेचे नाव 'पैज' नव्हते. 'परीकथा' अशा अर्थाचे नाव होते. आणि तिला आणखी एक, तिसरा भाग होता. त्यात सुमारे वर्षाने वकील परत येतो, सावकाराकडे पैसे मागतो आणि चिठ्ठीतले म्हणणे मागे घेतो. पुढे मार्क्स नावाच्या प्रकाशकाने (हे मार्क्स वेगळे!) चेकॉव्हचे समग्र साहित्य काढायला घेतले, तेव्हा चेकॉव्हने नाव बदलले आणि तो तिसरा भाग कापून टाकला. हे मला कळले तेव्हा प्रथम वाटले, की माझी शिडी वाचली. लेखकाने वकिलाचे परतणे काढून टाकले, म्हणजे त्याचे वैराग्य खरे ठरवले! परंतु थोडा विचार करता उलटे दिसू लागले. तिसरा भाग असताना कथेला तात्पर्य होते : वैराग्य खोटे, जीवन गोड. त्याआधी थांबली असती आणि चिठ्ठीवरच संपली असती, तरी तात्पर्य होते : जीवन खोटे, वैराग्य खरे. चेकॉव्हने कथा या दोहोंच्या मध्ये थांबवली. वकील परत येईल की नाही, हे आता कोणीच सांगू शकत नाही. एका तात्पर्याचे खंडन करण्यासाठी लिहिलेले दुसरे तात्पर्य त्याने पुसले, एवढेच त्या कात्रीवरून सिद्ध होते. पण तेवढे पुरेसे आहे.

या लेखकाची हीच रीत पुढेही दिसते. टॉलस्टॉय यांची, माणसाला किती जमीन लागते असे विचारणारी 1886 ची कथा आपल्याकडेही सर्वपरिचित आहे. शेवटी पुरण्यापुरती तीन अर्शिन जमीन लागते, हे तिचे उत्तर. तेथे सूत्र आणि दृष्टांत एकजीव आहेत आणि त्या जातीची ती अव्वल कथा आहे, याविषयी वाद नाही. चेकॉव्हच्या 1898 मधल्या 'गूजबेरी' या कथेतले एक पात्र त्यावर म्हणते की, तीन अर्शिन प्रेताला लागतात, माणसाला नव्हे. माणसाला सारी पृथ्वी हवी. किती सुंदर उत्तर! मात्र हे उत्तर ज्यांना ऐकवले जाते, त्या दोन श्रोत्यांचे त्या कथनाने समाधान होत नाही. एकाला तर रात्री कसल्याशा उग्र वासाने झोप येत नाही, आणि तो वास बोलणाऱ्याच्याच चिलमीचा असतो. चेकॉव्ह विचाराची थट्टा करीत नाही. विचार बोलणाऱ्याची चिलीमही तो त्याच खोलीत ठेवतो, इतकेच.

अर्थात, यावरून 'कथेला कोणताही अर्थ लावावा' असे म्हणता येणार नाही. काफ्काची कायद्याच्या दारापाशी आयुष्य घालवणाऱ्या माणसाची लहानशी कथा 1915 मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली आणि पुढे 'द ट्रायल' या कादंबरीतही आली. कादंबरीत एक धर्मगुरू ती नायकाला सांगतो. नायक ताबडतोब म्हणतो, द्वारपालाने त्या माणसाला फसवले. त्यावर धर्मगुरू त्याला उतावळेपणाबद्दल टोकतो आणि कथेत काय लिहिले आहे ते शब्दशः पुन्हा पाहायला लावतो. त्या माणसाने आत जाण्याची परवानगी मागितली तेव्हा द्वारपाल काय म्हणाला? शेवटी काय म्हणाला? या दोन उत्तरांत विरोध आहे का? सबंध तासभर चालावा तसा वर्ग तेथे भरतो. निर्णय लागत नाही, पण नायकाचे पहिले वाक्य टिकत नाही एवढे निश्चित होते. मला वाटते, आपल्या वर्गातही याहून अधिकाची अपेक्षा धरू नये. दोन अर्थांपैकी कोणता बरा, हे ठरवताना मी तरी आता एवढेच पाहतो, की कोणत्या अर्थाला कथेतला कमी भाग टाकून द्यावा लागतो. माझ्या शिडीला मेजवानीतला वाद टाकावा लागत होता, बुडत्याची फळी टाकावी लागत होती, उशी टाकावी लागत होती आणि पहारेकरी टाकावा लागत होता. उरत होती ती चिठ्ठी.

चिठ्ठीचे शेवटी काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. खुनाच्या रात्री सावकार पंधरा वर्षे न वापरलेली खोलीची किल्ली आपल्या अग्निरोधक तिजोरीतून काढतो. दुसऱ्या दिवशी, नसत्या चर्चेला वाव नको म्हणून, चिठ्ठी त्याच तिजोरीत जाते. वकिलाने साऱ्या जगाला उद्देशून लिहिलेला तो निकाल जगापैकी एकाच माणसाने वाचला, आणि त्याने तो बंद करून ठेवला. पुढेमागे कोणी वीस लाखांची विचारणा केलीच, तर तो कागद फार उपयोगाचा होता, हेही येथे लक्षात घ्यावे. आदल्या रात्रीचे अश्रू खोटे होते असे मी म्हणत नाही. सावकार रडला होता आणि सकाळी त्याने तिजोरी उघडली होती. चेकॉव्ह दोन्ही सांगतो.

त्या सकाळी पहारेकरी धावत आले तेव्हा त्यांचे चेहरे पांढरेफटक पडले होते, असे कथेत म्हटले आहे. कैदी निसटला म्हणून ते भ्यालेले. रात्री पावसाला कंटाळून जो जागेवर नव्हता, तो त्यांच्यात होता की नाही, हे लिहिलेले नाही. असला तर मालक आपल्याला कामचुकारपणाबद्दल काय बोलेल, याचीच धास्ती त्याला वाटत असणार.